वासावरून नव्हे, मोजून

लोणावळा, कर्जत, अलिबागपासून गोव्यापर्यंत बंगल्यांच्या आवारात आता खासगी जलतरण तलाव सर्रास दिसतात. त्यांची देखभाल मात्र अनेकदा नाकाडोळ्यांच्या भरवशावर चालते. पाणी निळंशार दिसलं की ते स्वच्छ आणि क्लोरीनचा वास आला की औषध जास्त झालं, असं मानलं जातं. दोन्ही समजुती फसव्या आहेत. जंतू असलेलं पाणीही नितळ दिसू शकतं. उग्र वास येतो तो बहुतेक वेळा क्लोरामाइनचा. पोहणाऱ्यांच्या घामातल्या आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन ही संयुगं तयार होतात. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो तो मुख्यतः त्यांच्यामुळेच. जंतू मारण्याची त्यांची ताकद मोकळ्या, म्हणजे अजून कशाशीही संयोग न झालेल्या, क्लोरीनच्या मानाने फारच कमी असते. त्यामुळे वास वाढला की औषध कमी करणं हा उलटा उपाय ठरतो.

अशा वेळी पाण्याला 'शॉक' देतात, म्हणजे क्लोरामाइन मोडून निघतील इतका क्लोरीन एकाच वेळी घालतात. एकूण क्लोरीनमधून मोकळा क्लोरीन वजा केला की संयुक्त क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइनमध्ये अडकलेला क्लोरीन, कळतो. त्याच्या सुमारे दहापट मात्रा लागते, असा ढोबळ नियम आहे. आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात 50,000 लिटर पाणी मावतं. संयुक्त क्लोरीन 1 पीपीएम (लिटरमागे 1 मिलिग्रॅम) असेल, तर 10 पीपीएमसाठी 500 ग्रॅम क्लोरीन हवा. 65 टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरलं तर ते सुमारे 770 ग्रॅम घालावं लागेल. अंदाजाने दोन मुठी टाकल्या तर क्लोरीन वाया जातो आणि क्लोरामाइन तसेच राहतात. शॉक देण्याआधी पीएच 7.2 ते 7.6 दरम्यान आणावा. 7.2 ला मोकळ्या क्लोरीनचा जवळपास दोन तृतीयांश भाग प्रभावी रूपात असतो, 8 ला जेमतेम पाव. उन्हाने क्लोरीन झपाट्याने नष्ट होतो, म्हणून शॉक सूर्यास्तानंतर, पंप चालू ठेवून द्यावा आणि क्लोरीन पुन्हा मर्यादेत येईपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये.

मोजणी तर होतेच, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं पिवळ्या रंगाचं ओटीओ किट एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातला मोकळा किती, हे त्यावरून नीट कळत नाही. त्यासाठी गुलाबी रंग देणारं डीपीडी किट हवं. क्लोरीनसाठी टाकल्या जाणाऱ्या टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या) गोळ्यांकडेही लक्ष हवं. त्यांतून पाण्यात सायन्युरिक आम्ल साचत जातं. थोडं असेल तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, फार झालं तर क्लोरीनचं काम मंदावतं. ते उडून जात नाही. काही पाणी काढून नवं भरावं लागतं.

दुसरा आक्षेप रसायनांच्या भीतीचा आहे. एवढं औषध घालण्यापेक्षा सगळं पाणीच बदलावं किंवा खाऱ्या पाण्याचा तलाव करावा, असं सुचवलं जातं. खाऱ्या पाण्याचं यंत्रही मिठापासून क्लोरीनच बनवतं. आणि 50,000 लिटर पाणी म्हणजे दहा हजारांचे पाच टँकर. उन्हाळ्यात शेजारची गावं टँकरची वाट पाहत असताना ते वारंवार ओतून देणं समर्थनीय नाही. भीती मात्र अगदीच निराधार नाही. हायपोक्लोराइटमध्ये आम्ल मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. म्हणून रसायनं वेगवेगळी आणि कोरडी ठेवावीत, मापंही वेगळी असावीत. पावडर पाण्यात घालावी, पावडरीवर पाणी कधीच ओतू नये.

घरी तलाव असेल, तर पाण्याच्या नोंदींची वही ठेवा आणि प्रत्येकाला अंघोळ करूनच आत उतरू द्या. बंगला भाड्याने घेत असाल, तर मुलांना पाण्यात सोडण्यापूर्वी त्या दिवसाचा मोकळा क्लोरीन आणि पीएच विचारा. उत्तर मिळालं नाही, तर मुलांना उतरू देऊ नका.