अमावास्येचा रोल

महबूब घाट चढून हैदराबाद-नागपूर हमरस्त्याने इचोड्यास उतरणारा आणि तेथून केसलापूरच्या नागोबा जत्रेस जाणारा छायाचित्रकार चांदण्याची आशा बाळगू शकत नाही. कारण गोदावरीचे जल पायी वाहून आणणाऱ्या मेस्राम कुळाची महापूजा पौष अमावास्येच्या रात्रीच होते, आणि फ्लॅशचा झोत देवाच्या दारी मला तरी उद्धट वाटतो. तेव्हा तजवीज एकच: ४०० संवेदनक्षमतेची रंगीत फिल्म १६०० ची समजून प्रकाश मोजावयाचा, म्हणजे तिच्या हक्काच्या चौथाईवर तिला राबवावयाचे, आणि ही दोन स्टॉपांची तूट धुलाई लांबवून भरून काढावयाची, म्हणजेच फिल्म पुश करावयाची. हा हुकूम अख्ख्या रोलास लागू होत असल्यामुळे दुपारच्या बाजाराची चित्रे त्याच रोलावर घेऊ नयेत.

रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश आणि मुदत ३ मिनिटे १५ सेकंद. दोन स्टॉप पुश करावयाचे तर कोडॅकच्या दस्तुराप्रमाणे ४ मिनिटे १५ सेकंद. ब्लीच व फिक्सरच्या मुदती मात्र जशाच्या तशा. आदिलाबादेकडील पौषातील थंडीत ऊन पाण्याचे घमेले बघता बघता निवते, म्हणून टाकी सावकाश उलटीसुलटी करताना डोळा घड्याळाइतकाच थर्मामीटरवरही ठेवावा लागतो. पारा घसरला की फिल्मचे तिन्ही रंगथर सारख्या चालीने पुढे सरकत नाहीत, आणि तो रंगदोष पुढे प्रिंट काढताना पुरता निस्तरता येत नाही.

एवढा खटाटोप करून पदरात पडते ते असे: ज्योतीने उजळलेली पागोट्याची कड ठसठशीत होते, परंतु ज्या रौप्यकणांस प्रकाशाचा स्पर्शच झाला नाही, त्यांतून डेव्हलपर धुक्यापलीकडे काही काढीत नाही. त्यातून दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा अंश आधीच तुटपुंजा. सबब निळ्याला संवेदनशील असा थर उपाशी राहतो आणि छायांत भरड दाणा उठतो. भेटिंगच्या, म्हणजे कुळातील नव्या सुनांना नागोबाच्या भेटीस आणण्याच्या, विधीस आलेल्या सुनांच्या शुभ्र लुगड्याची चुणी न् चुणी निगेटिव्हवर दिसते, पदराआडचा चेहरा मात्र नाही; आणि तो ओढून काढण्याचा हट्ट धरणे मला गैरवाजवी वाटते. दोन स्टॉपांची सवलत मी महापूजेपुरतीच राखतो. विजेच्या दिव्यांखाली एका स्टॉपावर, ३ मिनिटे ४५ सेकंदांत, काम निभते.