शेजाऱ्याच्या जमिनीवर आपली वाट

दिल्लीतल्या ‘बिल्डर फ्लोअर’ इमारतीत, म्हणजे मजल्यागणिक वेगळा मालक असलेल्या इमारतीत, गच्ची बहुधा सर्वांत वरच्या मजल्याच्या मालकाची असते, पण खालच्यांच्या पाण्याच्या टाक्याही तिथेच! म्हणून तळमजल्याच्या खरेदीखतात एक ओळ बहुतेकदा आढळते: टाकीच्या आणि अँटेनाच्या दुरुस्तीसाठी गच्चीवर जाण्याचा हक्क. जागा एकाची, वाट दुसऱ्याची. कायदा याला सुविधाधिकार म्हणतो, गावाकडे वहिवाटीचा हक्क. तो माणसाला नव्हे, मिळकतीला चिकटलेला असतो. घर विकले की नव्या मालकाकडे जातो.

1882 चा सुविधाधिकार कायदा आधी मद्रास इलाखा, कुर्ग आणि मध्य प्रांतात आला, म्हणजे मुंबई-पुण्याच्या आधी नागपूरला! 1891 साली मुंबई इलाखा आणि आजच्या उत्तर प्रदेशाचा मुलूख एकदमच त्यात आले. पंजाबला मात्र तो लागूच झाला नाही. त्यामुळे नोएडा-गाझियाबादेत हा कायदा थेट चालतो, तर पूर्वी पंजाबातच असलेल्या गुरुग्राम-फरिदाबादेत न्यायालये त्याची तत्त्वे वापरतात आणि वापरातून हक्क मिळायला लागणाऱ्या मुदतीसाठी 1963 च्या मुदत कायद्याकडे वळतात. एकाच राजधानी क्षेत्रात ही तऱ्हा! मुदत मात्र दोन्हीकडे सारखीच: 20 वर्षे, सरकारी जमिनीवर 30.

ही वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापर केल्याची हवीत. परवानगी मागून केलेला वापर यात धरत नाहीत. म्हणजे ‘खुशाल जा’ म्हणणारा शेजारी गप्प बसणाऱ्यापेक्षा आपली जमीन अधिक राखतो! उदारपणाला कायद्याने दिलेले हे बक्षीस मला फार शहाणपणाचे वाटते. खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा हक्कही असा मिळतो, मोकळ्या अंगणातल्या उजेडाचा नाही. आणि सलग 20 वर्षे वापरला नाही, तर मिळालेला हक्कही जातो.

दुसरा मार्ग निरुपायाचा. एका जमिनीचे तुकडे पडले आणि आतल्या तुकड्याला वाटच उरली नाही, तर बाहेरच्या तुकड्यातून ती मिळते. पण अट कडक आहे. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका दाव्यात 20 फुटी रस्त्यावरचा हक्क नाकारला. 20 वर्षांची वहिवाट शाबीत झाली नव्हती; शिवाय दुसरी वाट होती, थोडी लांबची का असेना.

दिल्लीत खालचा मजला घेणार असाल, तर गच्चीची ती ओळ नोंदणीकृत खरेदीखतात आहे ना, हे सहीआधी पाहा. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.