बेसनाचा लाडू आणि पिठातील भुंगेरे

अवचित पाहुणे येणार म्हटले की बेसनाचे लाडू हा घरोघरचा हुकमी बेत. पिठात तांबडे भुंगेरे आढळल्यास ते चाळून वापरण्याची रीत आहे. कीटकशास्त्राच्या दृष्टीने ती अपुरी ठरते. प्रौढ भुंगेरा जेमतेम ३ ते ४ मिमी लांब, आणि त्याची अंडी तर चाळणीतून सहज खाली उतरतात. भाजल्याने ती मरतात हे खरे, परंतु प्रादुर्भाव वाढल्यास भुंगेऱ्यांनी सोडलेल्या क्विनोन द्रव्यांमुळे पिठाला गुलाबी छटा व उग्र दर्प येतो. वेलदोड्याने तो झाकण्याचा खटाटोप करू नये. असे पीठ टाकूनच द्यावे. हरभऱ्याची डाळ कडक उन्हात वाळवून लागेल तेवढीच दळावी. जुन्या पिठात नवे मिसळू नये, आणि डबा भरण्यापूर्वी झाकणाची खाच कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी.