मन लागत नाही, म्हणजे आळस नव्हे

सहावीतली मुलगी वर्गात शांत बसते. मस्ती करीत नाही, उलट उत्तर देत नाही. पण गणिताची शेवटची पायरी सोडून येते, कंपासपेटी हरवते, फळ्यावरचे अर्धेच वहीत उतरते. प्रगतिपुस्तकात शेरा येतो, 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' घरी आपण म्हणतो, 'बाबासाहेब ह्याच परळच्या चाळीत राहून एवढे शिकले, तुला काय झाले?' असे बोलणारे आम्हीच असतो, म्हणून हा लेख.

अशा मुलांपैकी काहींना एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता व अतिचंचलता, हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार असू शकतो. त्याच्या एका प्रकारात चंचलता जवळजवळ दिसत नाही, फक्त लक्ष टिकत नाही. अशी मुले, विशेषतः मुली, कोणाला त्रास देत नाहीत आणि म्हणूनच कोणाच्या नजरेस येत नाहीत. काहींना मोठेपणी, नोकरी-संसार सांभाळताना, प्रथम शंका येते.

आज शंका आली की आपण मोबाईलवर स्वयंचाचणी शोधतो. त्यांतली सर्वांत परिचित प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार होऊन 2005 साली प्रसिद्ध झाली. ती प्रौढांसाठी आहे, मुलांसाठी नव्हे. तीत 18 प्रश्न असून पहिले 6 चाळणीचे आहेत. गेल्या 6 महिन्यांत अमुक गोष्ट किती वेळा घडली, एवढेच त्यात विचारतात. सहापैकी चार उत्तरे ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर पुढील तपासणी करावी असा त्याचा अर्थ. 'रोग आहे' असा नव्हे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्या सहांपैकी चार प्रश्न लक्षाविषयी व दोन चंचलतेविषयी आहेत. ज्याला चंचलता मुळीच नाही, त्याचे लक्षाचे तीनच प्रश्न जुळले तर तो चाळणीतून निसटतो. उलट अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉईड, चिंता किंवा नैराश्य ह्यांमुळेही लक्ष उडते. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असताना कोणाचे मन लागेल?

निदान करताना डॉक्टर अधिक पाहतात. 2013 च्या अमेरिकन निकषांनुसार अवधानाच्या 9 लक्षणांपैकी मुलांत किमान 6 आणि 17 वर्षांपुढे किमान 5 लक्षणे, किमान 6 महिने असावी लागतात. काही लक्षणे वयाच्या 12 वर्षांपूर्वीपासून आणि घर, शाळा, काम ह्यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. त्यांमुळे कामात वा शिक्षणात खरोखर अडथळा यावा लागतो. म्हणून जुनी प्रगतिपुस्तके रद्दीत घालू नका. बालपणाचा तोच पुरावा असतो.

मग करावे काय? चाचणीचे उत्तर कागदावर उतरवा, सोबत रोजच्या जीवनातली चार उदाहरणे लिहा आणि केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवा. आपल्या परळमध्येच 1926 पासून के.ई.एम. रुग्णालय आहे आणि तेथे मानसोपचार विभाग आहे. प्रथम फोनवर बोलायचे असल्यास शासनाची टेलि-मानस सेवा 14416 ह्या क्रमांकावर विनामूल्य मिळते. दुसऱ्याची औषधे मात्र कधीही घेऊ नयेत.

काही बांधव म्हणतील, विपश्यना करा, सगळे ठीक होईल. ध्यानाचा लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु सम्यक स्मृती ही तपासणीला पर्याय नव्हे. आणि ज्याचे मन बसत नाही त्याला तो साधनेत कच्चा आहे असे म्हणणे करुणेला धरून नाही. केवळ ऐकीव म्हणून वा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश मोबाईलवरच्या गुणांनाही लागू आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण मुलांना जरूर द्यावे, पण ते हात देण्यासाठी असावे, टोचण्यासाठी नसावे. यंदाच्या प्रगतिपुस्तकावर तोच शेरा आला, तर ओरडण्याआधी मुलाजवळ दहा मिनिटे बसून त्याला विचारा, 'तुला नेमके काय अवघड जाते?'

जयभीम! नमो बुद्धाय!