हॉर्न नेमके काय सांगतो?

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पेठांतील कितीतरी व्यापारी स्वतः सायकलवरून दुकानी जात. कॅरिअरला मालाचे गाठोडे बांधलेले असे. आज त्याच पेठांत मोटारी आणि दुचाकींच्या फटींतून सायकल कशीबशी वाट काढते, आणि तिच्या स्वाराशी बोलण्याचे आपले साधन एकच उरले आहे, ते म्हणजे हॉर्न.

‘मी मागे आहे’, ‘उजवीकडून पुढे जातो’, ‘बाजूला हो’, हे सारे तो एकाच स्वरात सांगतो. सायकलला बहुधा आरसा नसतो. पाठीशी कर्कश आवाज झाला की स्वार दचकून मान वळवतो, आणि मानेबरोबर हँडलही वळते. ज्या मोकळ्या जागेसाठी हॉर्न वाजवला, तीच त्यामुळे कमी होते.

सायकलवाले कडेने जात नाहीत, ही मोटारचालकांची नेहमीची तक्रार. कडेला काय असते, हे काचेआडून दिसत नाही : गटाराची जाळी, सांडलेली खडी, पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा आणि उभ्या गाडीचे केव्हाही उघडणारे दार. स्वार हातभर आत सरकतो तो उर्मटपणाने नव्हे. अर्थात उलट दिशेने येणारे, हात न दाखवता वळणारे, रात्री दिव्याविना जाणारे सायकलस्वारही आहेतच. त्यांची बाजू घेण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. पहाटे शिरस्त्राण घालून महागड्या सायकलवर निघालेल्या गृहस्थाला आपण कौतुकाने वाट देतो. रात्री दुकान आवरून घरी निघालेल्या नोकराच्या वाट्याला हॉर्न येतो.

ब्रिटनमधील वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत जानेवारी २०२२ मध्ये सुधारणा झाली. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलस्वाराला मागे टाकताना किमान दीड मीटर अंतर राखावे, आणि शक्य असेल तेथे गाडीचे दार त्यापासून दूरच्या हाताने उघडावे, असे ती सांगते. तेथेही चालक उजवीकडे बसतो, म्हणून ही सूचना आपल्याला जशीच्या तशी लागू पडते : उजवे दार डाव्या हाताने. तसे केले की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. मागच्या आसनावरून घाईने उतरणाऱ्या मुलांना पदपथाच्या बाजूनेच उतरवावे. मात्र वाहतूक तुंबलेली असताना डावीकडच्या फटीतूनच सायकल येते, तेव्हा ते दारही पाहूनच उघडावे लागते.