छाटणीने जगवलेली झाडं

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉरोडेल खोऱ्याच्या चराऊ उतारांवर अॅशची जुनी झाडं आहेत. बुंधे आखूड नि पोकळ, वर फांद्यांचा झुबका. गेल्या तीसेक वर्षांत अशा झाडांच्या जतनाचा विचार कसा बदलला हे पाहिलं, तर मला एक गोष्ट निर्विवाद वाटते: ती टिकली ती माणसाने पुन्हा पुन्हा छाटल्यामुळे. मेंढरांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर फांद्या तोडायच्या आणि पाला हिवाळ्यात चारा म्हणून घालायचा, ही तिथली रीत. राबासाठी ऐनाचा कवळ तोडणाऱ्या कोकणी शेतकऱ्याला तिचं नवल वाटणार नाही. माथा हलका राहिला की पोकळ बुंधाही वाऱ्याला तोंड देतो. विसाव्या शतकात ही छाटणी बहुतेक ठिकाणी थांबली. फांद्या जाड झाल्या आणि त्यांच्या ओझ्याने बुंधे उभे चिरू लागले. नॅशनल ट्रस्टने 1902 मध्ये शेजारच्या डर्वेंटवॉटर तळ्याकाठी ब्रँडलहाउची जमीन घेतली, तेव्हापासून या भागात पुष्कळ जमीन सुरक्षित झाली. पण नुसत्या मालकीने झाडावरचा भार उतरत नाही. बरं, राहिलेली छाटणी एका दमात उरकली तर म्हातारं झाड मरतं, म्हणून आता ती टप्प्याटप्प्याने करतात.

मेंढ्याच खऱ्या शत्रू, त्या हटवा, असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. 2005 पर्यंत जनावरांच्या संख्येवर अनुदान मिळे. कळप वाढले आणि रोपं उगवताच खाल्ली गेली. पण चराई पूर्ण बंद केली तर दाट तरुण रान वाढून उजेडात वाढलेल्या जुन्या झाडांना झाकोळून टाकतं. मोजकी जनावरं आणि नव्या रोपांना कुंपण, हेच मला योग्य वाटतं. दुसरी हरकत पाहुण्यांवर: त्यांच्या पायांनी मुळांवरची माती दबते. ती खरी आहे, म्हणून वाट बुंध्यापासून दूर न्यावी. झाडं लपवू मात्र नयेत. 2004 मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत हौशी लोकांनीच हिंडून, बुंध्यांचे घेर मोजून हजारो झाडांची नोंद केली. इंग्लंडमध्ये केवळ वयामुळे झाडाला कायद्याचं संरक्षण आपोआप मिळत नाही. नोंदच नसेल तर त्याच्यासाठी भांडणार कोण?

2012 मध्ये ब्रिटनमध्ये अॅशवरचा बुरशीजन्य मररोग आढळला आणि गणित बदललं. रोगाने खचलेलं झाड छाटणी सोसत नाही, तेव्हा तिथे हात आवरावा लागतो. तरी दाट रानापेक्षा मोकळ्यावरच्या अॅशला या रोगाचा त्रास कमी होतो असं दिसलं आहे. चराऊ रान मोकळं ठेवण्याला हे आणखी एक कारण.