एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी स्लो होतेय? आधी हे तपासा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. ताईच्या लग्नाचं सगळं शूटिंग आणि फोटो, साधारण ६०० जीबी, बाबांच्या जुन्या पीसीवर होते. दुसरी कॉपी कुठेच नव्हती. त्या शूटिंगमध्ये आजी आहे, आणि आता ती फक्त तिथेच आहे. रात्री नऊला माझी बस होती, म्हणून दुपारी तीनला एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावून कॉपी सुरू केली. स्पीड ३० एमबी प्रति सेकंद, वेळ साडेपाच तास. बाबा म्हणाले, "इंजिनिअर ना रे तू? मग बघ की जरा."

मी तासभर सेटिंग्ज उचकत बसलो. खरं कारण हातातच होतं: केबल.

केबल आणि पोर्ट

डिस्कची मूळ केबल मी पुण्यातच विसरलो होतो, म्हणून जुन्या मोबाईलच्या चार्जरची केबल लावली होती. अनेक पोर्टेबल डिस्कना यूएसबी ३.० चं रुंद, दोन भागांचं सॉकेट असतं. त्यातल्या मोठ्या भागात मोबाईलची साधी मायक्रो यूएसबी पिन बसते, डिस्क चालूही होते, पण यूएसबी २.० च्या वेगाने. तो वेग कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे ८ ने भागल्यावर ६० मेगाबाइट प्रति सेकंद. प्रत्यक्षात हातात ३० ते ४० पडतात. यूएसबी ३.० ची मर्यादा ५ गिगाबिट आहे, म्हणजे साध्या हार्ड डिस्कला पुरून उरेल इतकी.

म्हणून स्पीड ३०-४० वर जाऊन तिथेच अडकला असेल, तर आधी केबल बघा, मग पोर्ट. यूएसबी ३.० पोर्ट आतून बऱ्याचदा निळा असतो. जुन्या पीसीत पुढचे पोर्ट २.० आणि मागचे ३.० असं अनेकदा आढळतं. मधे हब असेल तर काढून बघा. मी चौकातल्या दुकानातून योग्य केबल आणली, मागच्या पोर्टला लावली आणि स्पीड १०० च्या आसपास गेला.

मोठी फाइल पळते, फोटो रांगतात

हे बहुतेक वेळा नॉर्मल असतं. दहा हजार छोट्या फाइल्स म्हणजे दहा हजार वेळा नोंद करायची, आणि दर वेळी हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडे न्यायचं. अशा फोल्डरची झिप थेट एक्स्टर्नल डिस्कवरच बनवा. सेव्हन-झिपमध्ये 'स्टोअर' निवडा. जेपीजी फोटो तसेही फारसे लहान होत नाहीत, मग कॉम्प्रेस करण्यात वेळ का घालवायचा?

सुरुवातीला जोरात, मग एकदम मंद

अनेक स्वस्त पोर्टेबल डिस्कमध्ये एसएमआर तंत्र असतं. त्यात डेटाचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारचीही हलवावी लागतात, तसंच इथे. म्हणून डिस्क आधी डेटा एका राखीव जागेत पटकन उतरवून घेते आणि नंतर सावकाश जागेवर लावते. ती जागा भरली की वेग कोसळतो. डिस्क बिघडलेली नसते. कॉपी टप्प्याटप्प्याने करा, मधे तिला थोडा वेळ द्या.

विंडोजची एक सेटिंग

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी 'क्विक रिमूव्हल' हा डिफॉल्ट आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉलिसीज' उघडून 'बेटर परफॉर्मन्स' निवडलं तर लिहिण्याचा वेग वाढू शकतो. पण मग दर वेळी 'सेफली रिमूव्ह' करूनच डिस्क काढायची. नाहीतर फाइल्स जायची भीती.

आणि जे मी शेवटी केलं, ते तुम्ही सर्वात आधी करा

पाचच्या सुमारास स्पीड शून्यावर गेला. मिनिटभर शून्य, मग ८०, परत शून्य. पीसीतून टक-टक आवाज यायला लागला. क्रिस्टल-डिस्क-इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवलं, तर बाबांच्या जुन्या डिस्कवर पिवळं 'कॉशन'. 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्य हवे होते, ते नव्हते. म्हणजे काही सेक्टर्स वाचताच येत नव्हते. डिस्क मरत होती आणि मी इतका वेळ तिला फक्त 'स्लो' म्हणत होतो.

अशा वेळी डीफ्रॅग किंवा चेकडिस्क चालवू नका, आजारी डिस्कला आणखी पळवल्यासारखं होतं. सगळं फोल्डर एकदम ओढण्यापेक्षा जे सर्वात मोलाचं ते आधी काढा. आणि डेटा फारच महत्त्वाचा असेल आणि आवाज येत असेल, तर पीसी बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

मी आजीच्या क्लिप्स आधी काढल्या. एक सोडून सगळ्या आल्या. जी राहिली ती तिच्या उखाण्याची होती.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी डिस्कची तब्येत, मग केबल आणि पोर्ट, मग फाइल्सचा प्रकार, सेटिंग्ज सगळ्यात शेवटी. आणि कॉपी स्लो व्हायची वाट न बघता दुसरी कॉपी आजच करून ठेवा.